विश्लेषण : घोड्यावर बसण्याआधी मुलांना घोड्याजवळ उभे राहायला कोण शिकवणार?

सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याहून निघालेल्या कुटुंबाचा मावळातला कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सोमाटणे फाट्यावरून आत वळून शिरगावच्या प्रतिशिर्डीत साईबाबांचे दर्शन, मग लोणावळ्याकडे प्रयाण, वाटेत कणीस, चिक्की आणि एखाद्या पॉइंटवर मुलांसाठी घोड्याची फेरी. वडील मुलाला काखेत धरून उचलतात आणि थेट खोगिरावर ठेवतात. मूल रडू लागते. आई मोबाइल सरसावून म्हणते, ‘हस ना बाळा, इकडे बघ.’ घोडेवाला लगाम धरून चालू लागतो. पाच मिनिटांत फेरी संपते, पैसे दिले जातात आणि फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. या सगळ्यात मुलाने घोड्याचा चेहरा नीट पाहिलेला नसतो आणि आपल्या पाठीवर कोण आले हे घोड्यालाही कळलेले नसते.

याच पवन मावळात आणि तळेगाव परिसरात घोडेस्वारी रीतसर शिकवणारी केंद्रेही आहेत. तिथे नव्या मुलाला पहिल्या दिवशी हातात लगाम मिळत नाही, खरारा मिळतो. पाच मिनिटांची फेरी आणि हातातला खरारा यांत जो फरक आहे, त्यावर मुलांची सुरक्षितता आणि घोड्यांचे हाल हे दोन्ही अवलंबून आहेत. म्हणून हा विषय हौसेपुरता सोडून देण्यासारखा नाही.

घोडा एवढा बिचकतो का?

घोडा हा शिकार करणारा नव्हे, तर शिकार होणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. लाखो वर्षे त्याचा जीव वाचवला तो त्याच्या पळण्याने. वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी, अचानक उघडलेली छत्री, फुटलेला फुगा यांपैकी कशाचाही अर्थ लावत तो थांबत नाही. आधी उधळतो आणि सुरक्षित अंतरावर गेल्यावर वळून पाहतो. आपण त्याला ‘खोडकर’ किंवा ‘माथेफिरू’ म्हणतो, पण तो केवळ त्याच्या जातीला शोभेल असे वागत असतो.

पळता येत नसेल, दोर बांधलेला असेल किंवा मागे भिंत असेल, तर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : लाथ आणि चावा. म्हणजे मुलांना इजा होण्याचे बहुतेक प्रसंग घोड्याच्या दुष्टपणातून नव्हे, तर त्याच्या भीतीतून किंवा वेदनेतून उद्भवतात. घट्ट ओढलेला तंग, पाठीवरची जखम, तोंडात रुतणारी लगामाची कडी, सैल झालेली नाल यांपैकी काहीही त्याचा संयम संपवायला पुरेसे असते. मुलाला ही एक गोष्ट समजली तरी त्याचे वागणे बदलते. घोड्याला घाबरण्याऐवजी घोडा कशाला घाबरेल याचा विचार ते करू लागते.

त्याला काय दिसते आणि काय ऐकू येते?

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. दोन जागा मात्र त्याच्या नजरेबाहेर राहतात : कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या थेट मागची. नेमक्या याच दोन जागांवरून मुले त्याच्याजवळ जातात. समोरून धावत येऊन नाकावर हात ठेवतात, नाहीतर मागून जाऊन शेपटीला हात लावतात. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही जुनी म्हण आहे. साहेबाचे काय ते ज्याने त्याने ठरवावे. घोड्याबाबत मात्र ती शब्दशः खरी आहे.

कानांचे तर विचारूच नका. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात आणि माणसाला ऐकू न येणारे उंच स्वरही टिपतात. त्यामुळे कान हेच घोड्याचे मन वाचण्याचे सर्वात सोपे पुस्तक आहे. कान पुढे असतील तर त्याचे लक्ष समोरच्या वस्तूकडे आहे. एक कान मुलाकडे वळला तर त्याने मुलाची दखल घेतली आहे. कान बाजूला सैल पडलेले, खालचा ओठ लोंबता आणि एक मागचा पाय किंचित उचललेला असेल तर तो विसावला आहे. कान मागे चपटे दाबले गेले तर तो स्पष्ट इशारा आहे : मागे व्हा. सोबत शेपटी जोरात आपटणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, नाकपुड्या ताणणे हेही असेल तर कितीही पैसे दिलेले असोत, मुलाला त्या घोड्यापासून दूर नेणेच शहाणपणाचे.

एक छोटी गोष्ट मुलांना फार आवडते. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो, कारण त्याच्या पायांतील स्नायुबंधांची रचना सांधे ‘कुलूपबंद’ करते. म्हणून शांत उभा दिसणारा घोडा जागाच असेल असे नाही. त्याच्याजवळ जाताना आधी हळू आवाजात बोलायचे ते यासाठीच.

माणसाच्या मनात काय चालले आहे हे घोड्याला कळते?

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गाजत होता. त्याचा मालक विल्हेम फॉन ओस्टेन याचा दावा असा की हान्सला गणित येते. प्रश्न विचारला की हान्स टाप आपटून अचूक उत्तर देई. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. हान्सला बेरीज-वजाबाकी येत नव्हती. उत्तराचा आकडा जवळ आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि खांद्यांत नकळत होणारा सूक्ष्म बदल तो टिपत होता आणि तिथेच थांबत होता. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर हान्सही चुके.

ही गोष्ट पुष्कळदा फसवणुकीची कथा म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती घोड्याच्या निरीक्षणशक्तीची कथा आहे. अलीकडे, २०१६ मध्ये, इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २८ घोड्यांना माणसांच्या रागावलेल्या आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. रागीट चेहरा पाहताना घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले.

पालकांसाठी याचा अर्थ सरळ आहे. मुलावर ओरडत, घोडेवाल्याशी भावाची घासाघीस करत आणि घाईघाईत फोटो काढत जवळ येणारे कुटुंब घोड्याच्या लेखी एक अस्वस्थ कळप असतो. आपला श्वास शांत ठेवा, असे जाणकार मुलांना सांगतात तेव्हा त्यात अध्यात्म काही नसते. समोरचा प्राणी तो श्वास वाचत असतो, एवढेच.

पहिली भेट कशी असावी?

पहिल्या भेटीत घोड्यावर बसायचेच नाही, हा नियम मुलांना सुरुवातीला जड जातो आणि पालकांना त्याहून जड. पण जगभरातल्या चांगल्या घोडेस्वारी शाळांत शिक्षणाची सुरुवात जमिनीवरच होते.

पहिली पायरी, दुरून पाहणे. कुंपणाबाहेर उभे राहून घोडा काय करतो आहे ते दहा मिनिटे बघायचे. कान कुठे आहेत, शेपटी काय करते आहे, शेजारच्या घोड्याशी त्याचे कसे आहे, हे मुलाला ओळखू द्यायचे.

दुसरी पायरी, परवानगी. आधी मालकाची किंवा मोतद्दाराची, मग घोड्याची. समोरून नव्हे, मागून तर नव्हेच. बाजूने, खांद्याच्या रोखाने, चालत जायचे. धावायचे नाही, किंचाळायचे नाही. दोन हातांवर थांबायचे आणि हाताची पाठ पुढे करायची. घोड्याने मान पुढे करून हुंगले तर तो ‘या’ म्हणतो आहे. मान वळवली तर आज नाही. हे ‘आज नाही’ ऐकून घेणे हाच खरा धडा आहे.

तिसरी पायरी, स्पर्श. बहुतेक मुलांना घोड्याचे नाक थोपटावेसे वाटते. पण हात लावायला योग्य जागा म्हणजे मान आणि खांदा. चापट्या मारण्यापेक्षा सावकाश चोळलेले त्याला आवडते. आयाळ जिथे संपते त्या खांद्यांमधल्या उंचवट्याजवळ घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. तिथे खाजवले की अनेक घोडे डोळे मिटून ओठ लांबवतात आणि मुलांना हसू आवरत नाही. ओळख जमते ती अशा क्षणी.

चौथी पायरी, काम. खरारा करणे, पाण्याची बादली भरणे, चंदी किती आणि केव्हा द्यायची हे मोतद्दाराकडून समजून घेणे, खुरांतला चिखल-खडे कसे काढतात ते जवळ उभे राहून पाहणे. घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ५० लिटर पाणी लागते, हे ऐकण्यापेक्षा बादल्या मोजताना जास्त पक्के लक्षात राहते.

खाऊ घालण्याबाबत मात्र कडक असावे. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेली चुकीची वस्तू बाहेर टाकण्याचा मार्गच नसल्याने पोटशूळ घोड्याच्या जिवावर बेततो. वडापाव, बिस्किटे, चिक्की हे पर्यटकांचे प्रेम त्याला महागात पडते. मालकाने होकार दिला तर गाजराचा लांब तुकडा, तोही पसरलेल्या तळहातावर, बोटे जुळवून आणि अंगठा मिटवून. हातात दोर धरायला दिला तर तो मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. घोडा उधळला की दोर सोडता आला पाहिजे.

मूल घाबरले तर काय करावे?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आहे : ‘मुलगा असून घाबरतोस?’ मुलीला तर अनेकदा विचारलेच जात नाही. दोन्ही चुकीचे. आपल्याहून कितीतरी मोठ्या, वजनदार आणि अनोळखी प्राण्याजवळ जाताना मुलाला भीती वाटणे हे त्याची बुद्धी शाबूत असल्याचे लक्षण आहे. रडणाऱ्या मुलाला बळेच खोगिरावर ठेवले की ते पाय आवळते, आयाळ ओढते, किंचाळते. ताण घोड्यापर्यंत पोहोचतो, तोही अस्वस्थ होतो आणि मुलाला वाटते की आपली भीती खरी ठरली. एका फोटोपायी ती भीती पुढे वर्षानुवर्षे टिकू शकते.

त्याऐवजी अंतर मुलाला ठरवू द्यावे. आज दहा पावलांवरून, पुढच्या वेळी पाच पावलांवरून. ‘तुला वाटेल तेव्हा’ हे वाक्य पुरते. अतिधीट मुलांचा प्रश्न याच्या उलट असतो. त्यांना थांबायला शिकवावे लागते आणि तेही संयमाचेच काम आहे. दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी घोडा हा उत्तम शिक्षक ठरतो, कारण तो आरडाओरड्याने ऐकत नाही आणि लाडीगोडीने फसत नाही.

मग खोगिरावर केव्हा?

रीतसर शिक्षण साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे सुरू होते. तोवर मुलाला तोल सांभाळता येतो आणि सूचना लक्षात ठेवता येतात. त्याआधी हौस असेल तर शांत तट्टू, लगाम धरून चालणारा जाणकार आणि बाजूला आणखी एक मोठा माणूस, एवढ्यावर थांबावे.

काही गोष्टींत तडजोड नको. घोडेस्वारीसाठीचे, हनुवटीखाली पट्टा बसणारे हेल्मेट हवे. बंद बूट आणि त्याला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकणार नाही. चप्पल आणि सँडल नको. रिकिबीत पायाचा फक्त पुढचा भाग ठेवायचा. लोंबती ओढणी, स्कार्फ, गळ्यातला कॅमेरा काढून ठेवायचा. स्वाराने हातात मोबाइल धरायचा नाही आणि बसण्याआधी तंग घट्ट आहे ना, हे मोतद्दाराला तपासायला सांगायचे.

एका घोड्यावर दोघे बसू नयेत. वडील मागे आणि लेकरू पुढे, हे दृश्य गोड दिसते, पण घोडा अडखळला तर वडिलांचा पूर्ण भार लेकरावर येतो. घोड्याच्या बाजूनेही हिशेब मांडावा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असा प्रशिक्षकांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. २५० किलोच्या तट्टूला तो ५० किलो होतो. पर्यटनस्थळी उभ्या असलेल्या किती घोड्यांच्या पाठीवर हा हिशेब पाळला जातो, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

मुलांची मांड पक्की झाली की वाट पुढे दूरवर जाते. २०२३ च्या हांगझाऊ एशियाडमध्ये सुदीप्ती हजेला, दिव्याकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाल यांनी सांघिक ड्रेसाजमध्ये भारताला सुवर्ण मिळवून दिले. अश्वारोहणात देशाला ते ४१ वर्षांनी लाभले. ड्रेसाज म्हणजे वेग किंवा उंच उडी नव्हे. स्वाराची खूण पाहणाऱ्याला दिसूही नये आणि घोड्याला मात्र कळावी, यावर तिथे गुण मिळतात. बर्लिनच्या हान्सचेच हे कौशल्य, फक्त इथे माणूसही तेवढाच शिकलेला असतो.

महाराष्ट्रात हे नाते नवे आहे का?

नाही. मावळ तर घोड्यांच्या टापांवरच वाढलेला मुलूख आहे. शिरगावपासून हाकेच्या अंतरावरचे तळेगाव हे सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या घराण्याचे गाव. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळालेला तो बारगीर. दोघांसाठीही घोडा जगला तर आपण जगू हा व्यवहार होता. त्या काळी दख्खनच्या खडकाळ मुलखात कमी चाऱ्यावर टिकणारा, बुटका पण काटक असा भीमथडीचा घोडा नावाजला गेला.

ही भीमथडी जात कालांतराने नामशेष झाली, असे अनेकांनी गृहीत धरले होते. ती जिवंत ठेवली पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर भागांतील भटक्या धनगर मेंढपाळांनी. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीत भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून स्थान मिळाले.

मुलांना घोड्याची ओळख कशी करून द्यावी, याचा सर्वात जुना आणि चालता-बोलता वर्ग या धनगर वाड्यांवरच भरतो. पावसाळ्यानंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या वाड्याचा सगळा संसार घोड्यावर असतो. भांडीकुंडी, वाघर, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि त्यांच्याच जोडीला चालता न येणारी लेकरे. घोड्यावर ओझे लादणे, उतरवणे, त्याला हाकणे हे काम बहुधा बायकांकडे असते. तिथले मूल घोड्यावर ‘फेरी’ मारत नाही. ते त्याच्या पाठीवर झोपते, त्याच्या सावलीत खेळते आणि थोडे मोठे झाले की त्याला पाण्यावर नेते. ओझे नीट बांधले नाही तर घोड्याच्या पाठीला जखम होते आणि मग सगळा वाडा अडकून पडतो, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

दुसरा वर्ग वारीत भरतो. माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, चालत आळंदीला येतात. रिंगणात स्वाराचा अश्व पुढे आणि त्याच्यामागे पाठीवर कुणीही नसलेला माउलींचा अश्व धावतो. ती पाठ रिकामी नाही, तिथे माउली आहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. रिंगण संपले की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे धावतात. शिरगावपासून जवळच्या देहूतून निघणाऱ्या तुकोबांच्या पालखीचेही बेलवडीला गोल रिंगण होते. एकाच प्राण्याला एका दिवशी नमस्कार करायचा आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर आणि फटाक्यांच्या माळेशेजारी नाचवायचा, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. आपण मात्र ती मुकाट खपवून घेतो.

घोड्याचा आदर म्हणजे नेमके काय?

आदर हा शब्द पोकळ वाटू नये म्हणून मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट शिरगावपासून जवळच, पिंपरीत आहे. हाफकिन संस्थेच्या तिथल्या केंद्रात घोडे पाळले जातात. त्यांना सर्पविषाची अगदी थोडी, मोजून-मापून मात्रा दिली जाते. त्यांच्या शरीरात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग त्यांचे काही रक्त घेऊन त्यातून सर्पदंशावरचे औषध बनते. पावसाळ्यात भातखाचरात काम करताना घोणस किंवा नाग चावलेला मावळातला शेतकरी ग्रामीण रुग्णालयात ज्या इंजेक्शनाने वाचतो, त्याची सुरुवात कुठल्या तरी घोड्याच्या रक्तात झालेली असते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कथाही घोड्यांपासूनच सुरू होते. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे सीरमसाठी हाफकिनला दिले जात. त्यातूनच आपणच सीरम का बनवू नये हा विचार पुढे आला आणि १९६६ मध्ये संस्था उभी राहिली. घोड्याचे हे ऋण ज्या मुलाला ठाऊक आहे, ते त्याला काठीने ढोसणार नाही.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. मारणे, जास्त भार लादणे, जखमी किंवा आजारी जनावर कामाला जुंपणे, पुरेसे खाणे-पाणी न देणे हे त्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हे आहेत. दंड मात्र साठ वर्षांहून अधिक काळ तोच आहे : पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये. म्हणजे घोड्याला मारण्याचा कमाल दंड हा दोन-तीन वडापावांच्या किमतीएवढा.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम अधिक नेमके आहेत. तट्टूवर कमाल ७० किलो ओझे, दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नाही. मे महिन्याच्या सुट्टीत, भर दुपारी, रांगेने उभ्या असलेल्या घोड्यांकडे पाहताना किमान या नियमांमागचा हेतू आठवायला हरकत नाही. शाळेच्या सहलीसोबत जाणाऱ्या शिक्षकांना हे चार आकडे पाठ असावेत.

मग घोडेवाल्यांच्या पोटाचे काय?

या चर्चेत सर्वात सोपे असते ते घोडेवाल्याला खलनायक ठरवणे. ते अन्यायाचे आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने माणसे आणि सामान मोठ्या प्रमाणात घोड्यांवरून जाते आणि शेकडो कुटुंबे त्यावर जगतात. तिथल्या रस्त्यांवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही तक्रार स्वतः घोडेवाल्यांनीच केली. घोड्याच्या पायाची काळजी पर्यटकाआधी त्यांना होती. मुंबईतल्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल पाहता त्या निकालाचे स्वागतच झाले, पण पुनर्वसनाचा प्रश्न पुढे रेंगाळत राहिला.

घोडेवाल्याचा घोडा हेच त्याचे भांडवल असते. तो त्याला उपाशी ठेवतो किंवा जखमेवर खोगीर घालतो, तेव्हा अनेकदा त्यामागे हंगामाचे तीन-चार महिने आणि वर्षभराचे पोट हा हिशेब असतो. पर्यटक फेरीच्या पैशांत घासाघीस करतो तेव्हा तो हिशेब आणखी घट्ट होतो. फेऱ्यांची संख्या वाढते, विश्रांती कमी होते. स्वस्त फेरीची किंमत शेवटी घोडाच मोजतो.

यावर एक तोडगा घोडेवाल्यालाही फायद्याचा आहे. फेरीऐवजी ‘ओळख’ विकावी. अर्धा तास घोड्याजवळ घालवायचा : खरारा, पाणी पाजणे, नाल कशी ठोकतात ते पाहणे आणि शेवटी हवे असेल तर थोडे अंतर खोगिरावर. घोड्याची दगदग कमी, मुलाचा अनुभव मोठा आणि घोडेवाल्याच्या पिढीजात ज्ञानाला मोल. त्याच्याइतके घोड्याचे कान वाचणारे त्या पॉइंटवर दुसरे कुणी नसते. फक्त आजवर त्याला ते कुणी विचारलेले नाही.

आरोग्याची काळजी कोणती?

घोड्याची लीद आणि तबेल्याची माती यांत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून मुलाचे धनुर्वाताचे लसीकरण पूर्ण असावे आणि हात लावल्यानंतर साबणाने धुवावेत. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. त्याची नोंद शासनाला देणे बंधनकारक आहे. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी किंवा व्रण असलेल्या घोड्यापासून दूर राहावे आणि पशुवैद्यकाला कळवावे. मुलाला दमा किंवा केसांची, गवताच्या धुळीची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

पुढे काय व्हावे?

मोठ्या योजनांची वाट पाहण्याची गरज नाही. पर्यटनस्थळे ज्यांच्या हद्दीत आहेत त्या नगर परिषदा आणि ग्रामपंचायतींना तीन गोष्टी करता येतील : घोड्यांसाठी सावली आणि पाण्याचे हौद, ठरावीक मुदतीने पशुवैद्यकीय तपासणी आणि मुलांच्या मापाची हेल्मेट भाड्याने देण्याची सोय. भार आणि वेळेचे नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत फलकावर लावले तर घोडेवाल्यालाही आग्रही पर्यटकाला ‘नाही’ म्हणायला आधार मिळेल. शाळांनी सहलीत पाच मिनिटांच्या फेरीऐवजी पागेची भेट ठेवावी. सारंगखेड्याचा आणि माळेगावचा घोडेबाजार पाहायला मुलांना न्यावे. तिथे दात पाहून घोड्याचे वय सांगणारी माणसे अजून भेटतात.

आणि पालकांनी? त्यांच्यासाठी सर्वात अवघड काम आहे, ते म्हणजे मोबाइल खिशात ठेवून थांबणे. आजची मुले ज्या पडद्यांसोबत वाढतात, तिथे बोट लावले की लगेच काहीतरी घडते. घोडा हा तसा पडदा नाही. त्याला बोट लावून काही घडत नाही. त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहावे लागते. मग केव्हातरी त्याचा एक कान वळतो, मान खाली येते, नाकपुड्यांतून गरम श्वास मुलाच्या तळहातावर येतो. पुढच्या सुट्टीत मावळात जाणाऱ्या कुटुंबाने निदान एवढे करावे : मुलाला उचलून खोगिरावर ठेवण्याआधी त्याला घोड्याच्या खांद्याशेजारी उभे करावे आणि तो कान वळेपर्यंत घाई करू नये.